फुगा रिकामा होता

१५ ऑक्टोबर २००९, गुरुवार. आपल्याकडे विधानसभेचं मतदान होऊन दोनच दिवस झाले होते आणि दिवाळी दारात येऊन उभी होती. अमेरिकेत मात्र त्या दुपारी झाडून सगळ्या वृत्तवाहिन्यांवर एकच दृश्य होतं. निळ्याशार आभाळात चंदेरी रंगाची, बशीच्या आकाराची एक वस्तू डुलत, कलंडत, गिरक्या घेत चालली होती. खाली पट्टीवर मजकूर होता, की या फुग्यात सहा वर्षांचा मुलगा आहे.

कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे. तिथल्या एका घराच्या परसात हा फुगा बांधला होता. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचे तुकडे चिकटपट्टीने जोडून, वर चंदेरी वर्ख चढवून वडिलांनी तो घरीच केला होता. रुंदी सुमारे २० फूट, जाडी ५ फूट, आत हेलियम आणि तळाशी एक छोटंसं खोकं. दोरी सुटली, फुगा उडाला आणि थोरल्या भावाने सांगितलं, की धाकटा त्या खोक्यात चढताना मी पाहिला. वडिलांनी आधी विमान वाहतूक खात्याला फोन केला, मग डेन्व्हरच्या एका टीव्ही वाहिनीला, आणि मग पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकाला. फोनांचा हा क्रम त्या दुपारी कोणाच्याही डोळ्यांत भरला नाही.

फुगा ७००० फुटांपर्यंत चढला. नॅशनल गार्डची हेलिकॉप्टरं मागे निघाली. डेन्व्हरच्या विमानतळावरून उत्तरेकडे जाणारी उड्डाणं काही मिनिटं थांबवली गेली. फार जवळ जावं तर पंख्याच्या वाऱ्याने पातळ ताडपत्री फाटण्याची भीती, आणि लांब राहावं तर पाहत राहण्यापलीकडे काहीच हातात नाही. ८० किलोमीटरहून जास्त अंतर कापून दीडच्या सुमाराला तो कीन्सबर्गजवळच्या एका शेतात अलगद टेकला. माणसं धावली, त्यांनी फुगा दाबून धरला आणि खोक्यात डोकावून पाहिलं.

आत कोणी नव्हतं.

सगळा देश हादरला तो या क्षणी. वाटेत फुग्यातून काहीतरी खाली पडताना दिसलं, अशी बातमी आली. एका छायाचित्रात फुग्याखाली एक काळा ठिपकाही दिसत होता. ज्या वाटेने फुगा गेला त्या वाटेवर आता जमिनीवरून शोध सुरू झाला, आणि काय शोधायचं आहे हे सगळ्यांना न बोलता कळत होतं. चारच्या सुमाराला बातमी आली, मुलगा घरातच सापडला. गॅरेजवरच्या माळ्यावरून तो खाली उतरून आला होता.

या मुलाचं नाव मी इथे देत नाही. शोधणाऱ्याला ते एका मिनिटात सापडेल. पण सहाव्या वर्षी जे त्याच्या नावाला चिकटलं, त्यात त्याचा काही दोष नव्हता, आणि आज तो विशीतला तरुण आहे.

लोकांनी इतक्या झटकन विश्वास कसा ठेवला, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. मला हा प्रश्नच पटत नाही. आषाढीला पंढरपुरात वाळवंटात उभे राहा. ध्वनिक्षेपकावर आवाज येतो, अमुक गावचा पाच वर्षांचा मुलगा चुकला आहे, अंगात निळा सदरा आहे. ते ऐकून कोणी थांबून विचार करत नाही, की हे खरं असेल का. माणूस नकळत मान खाली घालून आपल्या पायांशी, आजूबाजूला बघतो. मूल हरवल्याची हाक ही अशीच ऐकायची असते. जुलै २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्राजवळच्या हल्दाहेडी गावात पाच वर्षांचा एक मुलगा ६० फूट खोल बोअरच्या खड्ड्यात पडला. सुमारे ५० तास टीव्हीवर तो खड्डा दिसत होता आणि देशभर घराघरांत लोक जेवणं अर्धवट टाकून बसले होते. लष्कराच्या जवानांनी त्याला वर काढलं, तेव्हा अनोळखी माणसांनी एकमेकांना पेढे दिले. तो खड्डा खरा होता. पण तो खरा आहे की खोटा, हे पाहून आपला जीव टांगणीला लागला नव्हता. कोलोरॅडोतला फुगा पाहणाऱ्यांचंही तेच झालं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्याच संध्याकाळी ते कुटुंब सीएनएनच्या ‘लॅरी किंग लाइव्ह’वर आलं. लॅरी किंगच्या जागी त्या दिवशी वुल्फ ब्लिट्झर होते. आम्ही हाका मारत होतो, तेव्हा तू बाहेर का आला नाहीस, हा त्यांचा प्रश्न वडिलांनी मुलाला विचारला. मुलगा जरा घुटमळला आणि आईवडिलांकडे बघत म्हणाला, की तुम्हीच म्हणाला होतात, आपण हे कार्यक्रमासाठी केलं म्हणून. वडिलांच्या तोंडून एक हुंकार निघाला आणि विषय पुढे सरकला. पण पाहणाऱ्यांच्या पोटात गोळा आला तो आलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर मुलाखती सुरू असतानाच त्या मुलाला उलट्या झाल्या.

रात्रीतून वारं फिरलं. जे काल हात जोडून बसले होते, ते आज खवळले. मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. आईवडिलांची ओळख हॉलिवूडच्या एका अभिनय शाळेत झाली होती. दोन कुटुंबं आपापल्या गृहिणींची अदलाबदल करतात, अशा एका कार्यक्रमात हे कुटुंब दोनदा झळकलं होतं. वडील स्वतःच्या विज्ञानविषयक कार्यक्रमाची कल्पना घेऊन वाहिन्यांचे उंबरे झिजवत होते. घरच्यांनीच काढलेली उड्डाणाची चित्रफीतही आली. तिच्यात सगळे मिळून उलटे आकडे मोजतात, फुगा सुटतो, आणि दोरी नीट बांधली नाही म्हणून वडील संतापाने लाकडी बैठकीला लाथ मारतात. मुलगा आत आहे, असं त्या चित्रफितीत कोणीच म्हणत नाही.

लोकांनी ही चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली आणि प्रत्येक जण चेहऱ्यांचा पारखी झाला. आईचं रडणं खरं वाटतं का, बापाचा राग ओढूनताणून आणलेला आहे का, यावर तासन् तास चर्चा झडली. माझ्या मते इथेच लोक चुकले. खरं काय ते एका साध्या हिशेबात दडलं होतं, आणि तो हिशेब फुग्याचा होता.

हेलियम हवेपेक्षा हलका. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. फोर्ट कॉलिन्स समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ, म्हणून तिथे तोच घनमीटर नऊशे ग्रॅमच्या आसपासच उचलेल. आता २० फूट रुंद आणि ५ फूट जाड बशी पुरती फुगवली, तरी तिच्यात ३० घनमीटरपेक्षा थोडा कमीच वायू मावतो. म्हणजे सगळी मिळून २५-२६ किलोची उचल. मुलाचं वजन होतं ३७ पौंड, साधारण १७ किलो. उरले आठ-नऊ किलो, आणि त्यात ताडपत्री, वर्ख, चिकटपट्टी, दोऱ्या आणि तळाचं खोकं, सगळं बसायला हवं. शेरीफच्या कार्यालयाने कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. वडिलांनी दिलेल्या मापांवरून त्यांनी सांगितलं, की हे शक्य आहे. त्यांचं गणित बरोबरच होतं. पुढे पोलिसांनी तो फुगा प्रत्यक्ष काट्यावर घातला, तेव्हा सांगितलेल्या वजनापेक्षा तो १८ पौंड जास्त भरला. १८ पौंड म्हणजे आठ किलो. त्या आठ किलोंनंतर १७ किलोंच्या मुलाला पुरेल एवढी उचल उरतच नव्हती. मुलाला घेऊन हा फुगा जमीन सोडूच शकला नसता.

लॅरिमर काउंटीचे शेरीफ जिम ऑल्डरडेन यांच्यावर त्या दोन-तीन दिवसांत चारी बाजूंनी टीका झाली. एवढं उघड दिसतंय आणि हे अजून कुटुंबावर विश्वास ठेवतात, असं लोक म्हणत होते. १८ ऑक्टोबरला त्यांनी जाहीर केलं, की हा बनाव आहे. कुटुंबाने बोलतं राहावं म्हणून संशय मुद्दामच दाखवला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. आईने कबुली दिली होती. नोव्हेंबरमध्ये दोघांनी गुन्हा मान्य केला. डिसेंबरमध्ये वडिलांना ९० दिवसांची आणि आईला २० दिवसांची शिक्षा झाली, पुढे सुमारे ३६ हजार डॉलर भरपाई भरावी लागली, आणि चार वर्षं या प्रकरणातून एक पैसाही कमवायचा नाही अशी अट पडली. शिक्षा ऐकताना वडिलांनी शोधपथकांची माफी मागितली तेव्हा त्यांचा कंठ दाटला होता.

लोकांचा राग मला समजतो. दुसऱ्याच्या मुलासाठी आतडं तुटणं ही माणसाजवळची फार मोलाची गोष्ट आहे, आणि ती कोणी फसवून काढून घेतली तर चीड येणारच. पण त्या रागाचे शिंतोडे उडाले ते मुलावर. ‘बलून बॉय’ हे नाव त्याला मिळालं, बनाव रचणाऱ्यांना नाही. दोन आठवड्यांनी आलेल्या हॅलोविनच्या सणाला लोक चंदेरी फुग्याची सोंगं घेऊन फिरले. त्या सगळ्या दिवसात एकच माणूस खरं बोलला होता, आणि तो सहा वर्षांचा होता.

चेहरे वाचून खरं-खोटं ठरवण्याची ही खोड किती महागात पडते, हे पाहायचं तर दीड वर्ष मागे आणि इंग्लंडला जायला हवं. वेस्ट यॉर्कशायरमधलं ड्यूझबरी हे जुनं गिरणगाव. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तिथली नऊ वर्षांची एक मुलगी शाळेच्या पोहण्याच्या फेरीवरून परतली आणि घरी पोचलीच नाही. वस्ती गरिबांची. तरी शेजारच्या बायांनी पत्रकं छापली, मुलीचा फोटो असलेले सदरे घातले, थंडीत रात्ररात्र गल्लीबोळ पालथे घातले. एका वृत्तपत्राने शोधणाऱ्याला ५० हजार पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. आई मुलीचं अस्वल छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर रडली आणि तिचे अश्रू सगळ्यांना खरे वाटले.

चोविसाव्या दिवशी, १४ मार्चला, मुलगी सापडली. घरापासून मैलभराच्या आत, आईच्या जोडीदाराच्या एका नातेवाइकाच्या घरात, दिवाणाच्या खालच्या कप्प्यात. तिला दडवायचं, काही दिवसांनी ‘शोधून काढायचं’ आणि बक्षीस घ्यायचं, असा बेत होता. आईच्या तोंडून सत्य पहिल्यांदा काढलं ते चौकशी-खोलीतल्या कोणी नव्हे. एप्रिलमध्ये एकदा पोलिसांच्या गाडीतून जाताना तिच्या मैत्रिणींनी तिला सरळ विचारलं, की तुला हे ठाऊक होतं ना? आणि ती हो म्हणाली. ज्यांनी तिच्यासाठी पायपीट केली होती त्यांनीच विचारलं. त्या प्रश्नात केवढं दुःख भरलं असेल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे. आईला आणि त्या नातेवाइकाला प्रत्येकी आठ वर्षांची शिक्षा झाली. पण नंतर वृत्तपत्रांनी झोड उठवली ती साऱ्या वस्तीवर, जणू तिथला प्रत्येक जण त्या बेतात सामील होता. मुलीला शोधायला बाहेर पडलेल्या त्याच बायांना मान खाली घालून चालावं लागलं. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आणि याच्या नेमकं उलट घडलं होतं ऑस्ट्रेलियात. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरूच्या पायथ्याशी तंबू ठोकलेल्या एका कुटुंबातलं नऊ आठवड्यांचं बाळ नाहीसं झालं. डिंगो, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळ उचलून नेलं असं आई लिंडी चेंबरलेन सांगत राहिली. ती कॅमेऱ्यासमोर रडली नाही. आवाज शांत, चेहरा कोरा. बाळ गेलेली आई अशी असते होय, असं सगळा देश म्हणू लागला. बाळाच्या नावाचा अर्थ ‘वाळवंटातला बळी’ असा आहे, ही साफ खोटी अफवा घरोघरी पोचली. मोटारीत रक्ताचे डाग सापडल्याचं तज्ज्ञांनी न्यायालयात सांगितलं आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. पुढे कळलं, की त्यांतले मोठे शिंतोडे रक्ताचे नव्हतेच. आवाज कमी व्हावा म्हणून मोटारीच्या कारखान्यात आतून जे डांबरासारखं मिश्रण मारतात, त्याचे ते होते. १९८६ मध्ये बाळाचं छोटं जाकीट डिंगोंच्या वावराच्या भागात सापडलं आणि ती सुटली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. डिंगोनेच बाळ नेलं, असा निर्वाळा शवचिकित्सा न्यायालयाने दिला तो २०१२ मध्ये, ३२ वर्षांनी.

एक आई रडली आणि ती खोटी निघाली. दुसरी रडली नाही आणि तीच खरी होती. खरं काय ते एका ठिकाणी दिवाणातून निघालं, दुसऱ्या ठिकाणी जाकिटातून, आणि कोलोरॅडोत तराजूच्या काट्यावरून.

एवढं असूनही बनावाच्या अशा गोष्टी कानावर आल्या, की पोलीस चौकीतल्या माणसाच्या मनात एक शंका घर करते: हेही तसंच असेल. आपल्याकडे या शंकेने काय केलं, ते नोएडाजवळच्या निठारीने दाखवलं. तिथल्या गरीब आईबापांनी मुलं हरवल्याच्या तक्रारी नेल्या तर त्यांना वाटेला लावलं जाई, पोर पळून गेलं असेल म्हणून. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून मुलांचे सांगाडे निघाले. मूल हरवल्याची तक्रार आली, की गुन्हा नोंदवायचाच आणि अपहरण झालं असं धरूनच तपास सुरू करायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला १० मे २०१३ रोजी, ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर. त्या आदेशाचा साधा अर्थ असा, की आधी धावा, तपासणी धावता धावता करा.

उलट, तपासणीच न करता धावणारी गर्दी काय करते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारे समजून, जमावाने ठेचून मारलं. त्या काळात मूल पळवण्याच्या चित्रफिती देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्यांतली एक कराचीत केलेली, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करणारी छोटी फिल्म होती. मूळ फिल्मच्या शेवटी मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्यात मेलेल्या माणसांचा गुन्हा एवढाच, की ती आठवडी बाजारात अनोळखी होती.

फोर्ट कॉलिन्सच्या त्या आईवडिलांना डिसेंबर २०२० मध्ये कोलोरॅडोचे राज्यपाल जॅरेड पोलिस यांनी माफी दिली. ते आता म्हणतात, की तो बनाव नव्हताच. आई जपानी नागरिक, तिला देशाबाहेर घालवतील या भीतीने आम्ही गुन्हा कबूल केला. हे प्रकरण नव्याने तपासलं गेलं, आणि लोक पुन्हा जुन्या चित्रफिती काढून चेहरे निरखू लागले.

मी परत परत वळतो ते त्या घराकडे. मूल दिसेनासं झालं, तर आधी घर धुंडाळा, असं हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली राष्ट्रीय संस्था आईबापांना सांगते. कपाटं, धुण्याचे ढीग, पलंगाखाली, मोठी यंत्रं, गाडीची डिकी. त्या दुपारी पोलिसांनीही घर धुंडाळलं, एकदा नाही, दोनदा. गॅरेजवरच्या माळ्याकडे त्यांचं लक्षही गेलं होतं. पण तिथवर जायला धड पायऱ्या नव्हत्या, सहा वर्षांचं पोर एवढं चढेल असं कोणाला वाटलं नाही. बाहेर आभाळात हेलिकॉप्टरं फिरत होती, आणि वर कोणी चढून पाहिलं नाही.